वळणावरची मोजणी

सकाळी सातला एर्लिस घडीची खुर्ची उघडते,
चॅपेलच्या भिंतीला पाठ लावून बसते.
डोक्यावर लोकरी टोपी, अंगात पिवळं जाकीट,
मांडीवर नातवाची अर्धी कोरी वही.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
लाकडाच्या ट्रकांना वेगळं पान.

दहाच्या सुमारास तिचे गुडघे बोलू लागतात.
मग खुर्चीत मी.

मी, म्हणजे ज्यानं बावीस वर्षं
याच रस्त्यानं स्प्रूसचे ओंडके डोंगरावरून उतरवले.
वळण मला तोंडपाठ होतं.
वळणाला मी कुठे पाठ होतो?
दोन्हीकडची झुडपी कुंपणं अंगावर येतात,
चालणाऱ्याला सरकायला वीतभर जागा नाही,
हे केबिनमधून कधी दिसलं नाही.
उंचावरून रस्ता रुंद दिसतो.
मग डोळ्यांना काहीतरी झालं,
डॉक्टरनं त्याचं लांबलचक नाव सांगितलं
आणि लायसन्स गेलं.
आता मी पायी.
आता जरा रस्ता कळतो.

तेगवेनला तो आधीच कळला होता.
हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातली तिची पाळी सुटायची आठला,
शेवटची बस पाच दहाला.
या दोन वेळांमधला अंधार
कुणाच्याच वेळापत्रकात नव्हता.
फाट्यापर्यंत कुणीतरी सोडायचं,
पुढचा दीड मैल मोबाइलच्या उजेडात,
ओल्या मेंढरांच्या वासातून.
आरसा लागला. ट्रकचा नुसता आरसा, खांद्याला.
ती आहे.
पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही,
आणि चादरीची घडी एका हातानं होत नाही.

(तो ट्रक माझा नव्हता.
तरी जुन्या डायरीत मी ती तारीख
दोनदा काढून पाहिली.)

काउंटी हॉलमध्ये एका सभ्य तरुणानं
आमच्यासमोर नकाशा पसरला.
लाल ठिपका म्हणजे मृत्यू, निळा म्हणजे जखमी.
‘तीन वर्षांत तीन लाल झाले,
की वळण यादीत बसतं,’ तो म्हणाला.
‘तुमच्याकडे सध्या एकच निळा आहे.’
एर्लिसनं चष्मा पुसला, परत लावला.
‘म्हणजे अजून तिघं हवीत.
नावं आम्ही सुचवायची, की तुम्ही?’
तरुणाचे दोन्ही कान लाल झाले.
नकाशात ते धरले नाहीत.

वर्ष गेलं, वह्या पाच झाल्या.
मग आलं ते असं आलं:
एक पाटी, वेल्श आणि इंग्रजी दोन्हींत ‘सावकाश’ सांगणारी,
वळण संपल्यावर चाळीस पावलांवर.
आणि शहरातून परतणारी बस, आठ वीसची,
सहा महिने, प्रायोगिक.
पत्राच्या तळाशी एक ओळ:
प्रवासी मोजले जातील.

मोजले जातील!
मोजणी काय ती आम्हाला शिकवता?

तेव्हापासून आम्ही चारच्या बसनं शहरात जातो,
काडीचं काम नसताना.
प्रिचर्ड बहिणी एकाच पुडक्यातले चिप्स
सव्वा तास पुरवतात.
मेंढरांच्या बाजाराशिवाय गाव न सोडणारा इडवाल
वाचनालयात बसून परवाचं वर्तमानपत्र संपवतो
आणि सगळ्यांना हवामान सांगतो, परवाचं.
मी कालव्याच्या पुलावर उभा राहून
येणारेजाणारे ट्रक आवाजावरून ओळखतो.
आठ वीसला सगळे रांगेत.
ड्रायव्हर स्वावोमिर एकेकासाठी बटण दाबतो,
आमच्याकडे न बघता हसतो.

वळणाशी तो गाडी इतकी हळू करतो
की कुंपणातलं एकेक पान दिव्यात येऊन जातं.
तेगवेन काचेला डोकं टेकून झोपलेली,
उजवा हात मांडीवर, पिशवीसारखा ठेवलेला.
मागच्या सीटवर एर्लिसला अंधारात वही दिसत नाही.
गुडघ्यावर बोट फिरतं तेवढं:
चार उभ्या, एक आडवी,
चार उभ्या, एक आडवी,
आणि एक.

आज अकरा.
इडवालची कुत्री धरून बारा.